नसलेल्या जगातील कृष्णविवरे

लंडनच्या ‘सिटी ऑफ लंडन स्कूल’ या शाळेचे मुख्याध्यापकपद १८६५ पासून १८८९ पर्यंत सांभाळणारे एडविन ॲबट हे मूळचे भाषेचे आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक. शेक्सपिअरच्या भाषेचे व्याकरण त्यांनी लिहिले होते. अशा या गृहस्थांनी १८८४ साली ‘फ्लॅटलँड’ नावाचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यावर स्वतःचे नाव न घालता लेखक म्हणून ‘एक चौरस’ एवढेच छापले. कागदासारख्या सपाट जगात राहणाऱ्या एका चौरसाचे ते आत्मनिवेदन आहे. त्या जगात लांबी आहे, रुंदी आहे, उंची मात्र नाही. एके दिवशी एक गोल त्या जगातून आरपार जातो, तेव्हा तेथल्या रहिवाशांना तो आधी बिंदूसारखा, मग वाढत जाणाऱ्या आणि पुन्हा आक्रसत जाणाऱ्या वर्तुळासारखा दिसतो. भाषेच्या एका मास्तराला शाळेचा गाडा ओढता ओढता हे सुचले, याचे मला त्याच व्यवसायातला म्हणून नेहमीच कौतुक वाटत आले आहे. (शाळा चालवणाऱ्या माणसाला दुसरे काही सुचते, यावर आमच्या खात्याचा फारसा विश्वास नसतो. असो.)

ॲबट यांना त्या सपाट जगाच्या आडून आपल्या समाजाची थट्टा करायची होती. त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी भौतिकशास्त्रज्ञ त्या जगात शिरले ते मात्र थट्टेसाठी नव्हे. त्यांचा तेथला मुक्काम अजून हललेला नाही. माझा एक जुना विद्यार्थी सध्या त्यांच्यात आहे. मागच्या दिवाळीत तो गावी आला असता त्याच्या वडिलांनी मला मुद्दाम घरी बोलावले. चार एकर ऊस आणि दोन म्हशी यांच्या जिवावर मुलाला शिकवलेला हा मनुष्य. चहा झाल्यावर ते म्हणाले, “सर, हे कृष्णविवर का काय ते आकाशात असतं म्हणतात, तेवढं ठीक आहे. पण ह्याचं विवर आकाशातही नाही. ते ज्या जगात आहे, ते जगच नाही म्हणतो हा. मग हा करतोय तरी काय?”

मुलगा हसून माझ्याकडे पाहू लागला. त्या वेळी मी दिलेले उत्तर चहाच्या कपात मावेल एवढेच होते. परंतु तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. नसलेल्या जगाचा हिशेब घालून असलेल्या जगाविषयी काही कळते काय, आणि कळले तर त्यावर विश्वास किती ठेवावा, हे विचारण्याचा त्या बापाला अधिकारच आहे.

‘कृष्णविवर’ हा शब्द मराठी घरांत रुळला त्यात जयंत नारळीकरांचा वाटा मोठा. याच नावाची विज्ञानकथा त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविली होती. योगायोग असा की, त्याच वर्षी केंब्रिजच्या स्टीफन हॉकिंग यांनी कृष्णविवराची सर्वमान्य कल्पनाच उलटी केली. आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतानुसार वस्तुमान हे भोवतालच्या अवकाशाला आणि काळाला वक्रता आणते. ही वक्रता पराकोटीला गेली की एक क्षितिज तयार होते, आणि त्याच्या आत गेलेले काहीही, प्रकाशसुद्धा, परत येत नाही. हॉकिंग यांनी या हिशेबात पुंजयांत्रिकी, म्हणजे क्वांटमचे शास्त्र, मिळविले, तेव्हा कृष्णविवर हे अगदी मंद का होईना, पण ऊब बाहेर टाकते असे निघाले. ऊब टाकते म्हणजे झिजते, आणि झिजते म्हणजे कधी तरी संपते.

ही ऊब किती? सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर, एका अंशाचे दहा कोटी भाग केले तर त्यातील सुमारे सहा भाग. साऱ्या विश्वात भरून राहिलेल्या प्रारणाचे तापमान २.७ अंश आहे, त्यापुढे ही ऊब कोणत्या उपकरणाला जाणवणार? आणि ते विवर झिजून संपायला लागणारी वर्षे लिहायची तर १ वर ६७ शून्ये द्यावी लागतात. तेव्हा दुर्बिणीने याचा निकाल लागण्याची आशा नाही. जे काही करायचे ते कागदावरच.

निकाल लावायचा तो कशाचा, हे आता सांगतो. १९७६ साली हॉकिंग यांनी असे मांडले की, या उबेवर आत पडलेल्या वस्तूंची कसलीही खूण नसते. आत ग्रंथ पडला काय किंवा तेवढ्याच वजनाचा दगड पडला काय, बाहेर येणारी ऊब तीच. विवर संपले की ग्रंथात काय होते हे सांगणारे जगात काहीच उरत नाही. पुंजयांत्रिकीला हे मुळीच मान्य नाही. तिच्या मते विश्वात घडलेल्या गोष्टीचा मागमूस तत्त्वतः कधीच नाहीसा होत नाही.

माझ्या कार्यालयातील लोखंडी कपाटात शाळेच्या जुन्या प्रवेश नोंदवह्या आहेत. त्यांतील एकीची काही पाने ओल लागून एकमेकांना अशी चिकटली आहेत की, सोडवू जावे तर पीठ होते. नेमक्या त्या पानांवरचे नाव शोधत कोणी म्हातारा जन्मतारखेच्या दाखल्यासाठी येतो, आणि त्याला रिकाम्या हाताने परत पाठवताना फार जड जाते. भौतिकशास्त्र म्हणते, नोंद नष्ट झालेली नाही. शाईचा कण न् कण, कागदाचा तंतू न् तंतू कोठे तरी आहे, आणि पुरेसे ज्ञान असलेला कोणी ती तारीख पुन्हा जुळवू शकेल. त्या म्हाताऱ्याला याचा काडीइतका उपयोग नाही, हे मला कळते. तरी पण ‘वाचता येत नाही’ आणि ‘उरलेच नाही’ या दोहोंत अंतर आहे, आणि हॉकिंग यांचे म्हणणे दुसऱ्या प्रकारचे होते.

हा वाद मिटवायचा तर गुरुत्वाकर्षण आणि पुंजयांत्रिकी यांना एकत्र नांदवणारा संपूर्ण सिद्धांत हवा. आपल्या जगासाठी, म्हणजे लांबी, रुंदी, उंची आणि काळ अशा चार मितींसाठी, तो अद्याप कोणाच्या हाती पूर्णपणे आलेला नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी तेच केले, जे फळ्यासमोर उभा राहणारा प्रत्येक शिक्षक करतो. अपूर्णांकांचे उदाहरण मुलांना सुटेना, तर तो तेच आधी पूर्णांकांत घालतो. त्यांनी एक मिती कमी केली, मग दोन. मात्र उदाहरण सोपे करताना त्यातला कठीण भाग तेवढा गेला, की ज्यासाठी ते घातले होते तो प्राणच गेला, हे शिक्षकाला आधी तपासावे लागते.

येथे तर प्रथम प्राणच गेल्यासारखे दिसले. आपल्या चार मितींच्या जगात एखाद्या ठिकाणची वक्रता पूर्णपणे सांगायला २० संख्या लागतात. त्यांतील १० आइन्स्टाइनच्या समीकरणांनी तेथल्याच द्रव्याशी बांधलेल्या असतात आणि उरलेल्या १० मोकळ्या असतात. या मोकळ्या संख्यांच्या जोरावरच रिकाम्या अवकाशातही सूर्याची ओढ पृथ्वीपर्यंत पोहोचते आणि गुरुत्वीय तरंग धावतात. एक मिती कमी करून दोन अवकाशाच्या आणि एक काळाची, अशा तीनच ठेवल्या, तर वक्रतेच्या संख्या राहतात ६, आणि बांधलेल्याही ६. मोकळी एकही नाही! म्हणजे जेथे द्रव्य नाही तेथे वक्रता नाही, ओढ नाही, तरंग नाहीत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय तरंगांची जी वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली, तिला त्या जगात काही कामच नसते. आणखी एक मिती काढली, तर वक्रतेची एकच संख्या उरते आणि आइन्स्टाइनच्या समीकरणाची डावी बाजू काहीही केले तरी शून्यच येते.

मग त्रिमिती जगात एखादी जड वस्तू ठेवली तर होते काय? याचे सविस्तर उत्तर डेझर, जॅकिव आणि ट हूफ्ट या तिघांनी १९८४ साली दिले, आणि ते कागद-कात्रीने दाखविता येते. आमच्या विज्ञानाच्या बाई रजेवर असताना नववीच्या तासाला मी ते दाखविले होते. कागदाची गोल चकती घ्यावी. केंद्राच्या दोन बाजूंनी दोन समांतर रेषा आखाव्यात. मग केंद्रापासून त्याच दिशेने पुढे एक फोड कापून काढावी आणि कापलेल्या कडा जुळवून चिकटवाव्यात. विदूषकाच्या टोपीसारखा शंकू तयार होतो, आणि समांतर निघालेल्या त्या रेषा टोकाच्या पलीकडे जाऊन एकमेकींना छेदतात. कागदाला कोठे चढ नाही, उतार नाही, कोणी त्या रेषांना ओढलेले नाही. टोकावर बसलेल्या वस्तूने जगाची एक फोड तेवढी काढून घेतली आहे. शेजारी दुसरी वस्तू निश्चल ठेवली तर ती टोकाकडे तसूभरही सरकणार नाही.

मुले बराच वेळ टोप्या करून डोक्यावर घालण्यात रमली. एक मुलगी मात्र टोकाकडे बोट दाखवून म्हणाली, “सर, सगळा कागद सपाटच आहे म्हणता, मग इथं काय आहे?” मी म्हणालो, येथेच सारी वक्रता गोळा झाली आहे. तिचे समाधान झाले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि ते होऊही नये. कारण टोकाच्या नेमक्या जागी समीकरणे मुकी होतात. शास्त्रज्ञ अशा जागेला सिंग्युलॅरिटी म्हणतात. आपल्या जगात कृष्णविवराच्या पोटात अशी जागा असते, पण ती क्षितिजाच्या पडद्याआड. निसर्ग ती उघडी पडू देत नाही, असे अनुमान रॉजर पेनरोज यांनी १९६९ साली मांडले होते. शंकूचे टोक तर चारचौघांत उघडे.

जेथे ओढच नाही तेथे कृष्णविवर कोठून येणार, असे सारे धरून चालले होते. १९९२ साली चिलीतून उत्तर आले. पिनोशे यांची लष्करी राजवट संपून तेथे जेमतेम दोन वर्षे झाली होती. सांतियागोच्या एका लहानशा संशोधन केंद्राशी संबंधित मॅक्सिमो बान्यादोस, क्लाउदियो टायटलबॉइम आणि होर्खे झानेली यांनी दाखविले की, त्रिमिती जगातही खरेखुरे कृष्णविवर असू शकते. अट एकच: रिकाम्या अवकाशालाच सर्वत्र सारखी, खोगिराच्या बैठकीसारखी उलटी वक्रता मुळात असली पाहिजे. कागद गुंडाळून त्याची नळी करावी, तसे हे विवर त्या जगाचा तुकडा ठरावीक रीतीने दुमडून आणि चिकटवून तयार होते. स्थानिक पाहावे तर कोठेही काही वेगळे नाही, तरीही क्षितिज आहे, तापमान आहे, आत गेलेले परत येत नाही. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला बीटीझेड विवर म्हणतात. यांतील टायटलबॉइम यांनी २००५ साली आडनाव बदलून बनस्टर केले. विवराच्या नावातील ‘टी’ मात्र तसाच राहिला आहे.

या खेळण्यातल्या विवराने पहिली मोठी कामगिरी केली ती मोजदादीची. कृष्णविवराच्या पोटात किती गोष्टी दडलेल्या असू शकतात, याचे माप त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळावरून मिळते, हे बेकनस्टाइन आणि हॉकिंग यांच्यामुळे १९७० च्या दशकातच कळले होते. त्रिमिती जगात क्षितिज म्हणजे एक वर्तुळ, म्हणून तेथे क्षेत्रफळाऐवजी परीघ येतो. पण हे माप कशाचे? पोत्याचे वजन कळले, दाणे कोणी मोजले नव्हते. १९८६ साली ब्राउन आणि हेन्नो यांनी त्या उलट्या वक्रतेच्या जगाच्या अगदी कडेला लागू असलेला एक गणिती नियम शोधला होता. त्याचा आधार घेऊन १९९७ च्या अखेरीस अँड्र्यू स्ट्रोमिंजर यांनी दाणे मोजले, आणि वजन बरोबर जुळले. ज्या जगात आत काहीच हालचाल नाही असे वाटत होते, तेथे सारा व्यवहार कडेवर चाललेला होता.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो, कारण मला या साऱ्या प्रकरणात अधिक जवळचे वाटते ते तेच. बीटीझेडच्या जगात वस्तुमान एका मर्यादेच्या वर असले तर विवर होते; तिच्या खाली असले तर विवर नव्हे, तेच शंकूचे उघडे टोक. टोकाच्या भोवतालचे अवकाश रिकामे खरे, पण पुंजयांत्रिकीच्या दृष्टीने रिकामे अवकाश कधीच निपचित नसते. फोड काढून घेतल्यामुळे त्यातील थरथर बिघडते, आणि या बिघाडाला स्वतःची ऊर्जा असते. ही ऊर्जा अवकाशावर उलटून काय करील? टोकाभोवती क्षितिज उभे करील, असे एम्पारान, फाब्री आणि कालोपर यांनी २००२ साली सुचविले. २०१६ साली कझाल्स, फाब्री, मार्टिनेझ आणि तेच १९९२ चे झानेली यांनी हिशेब थेट मांडून दाखविला. त्या शोधनिबंधाच्या मथळ्याचा अर्थच ‘उघड्या सिंग्युलॅरिटीसाठी पुंजवस्त्र’ असा होतो. पुढे २०२० साली एम्पारान, फ्रासिनो आणि वे यांनी अशा विवराचे अचूक गणित दिले.

यातील नवल नीट ध्यानात घ्यायला हवे. आपल्या जगात कृष्णविवर आधी असते. पुंजयांत्रिकी मागून येऊन त्याला झिजवते. येथे पुंजयांत्रिकी नसेल तर विवरच नाही. जी शक्ती तिकडे वस्त्र विरवीत नेते, तीच इकडे ते विणते. अर्थात २०१६ च्या हिशेबातले क्षितिज इतके सूक्ष्म आहे की, ज्या मोजमापाच्या पलीकडे ‘अंतर’ या शब्दालाच अर्थ उरतो की नाही याची शंका आहे, त्याच्या आसपास ते येते. म्हणून पुढच्या अचूक गणिताला महत्त्व.

राहिला ग्रंथ आणि दगड यांचा वाद. हॉकिंग यांनी १९९७ साली जॉन प्रेस्किल यांच्याशी यावर पैज लावली होती आणि २००४ साली डब्लिनच्या परिषदेत हार मान्य करून ठरल्याप्रमाणे बेसबॉलचा ज्ञानकोश त्यांना दिला. पैज फिटली, तरी हिशेब झालेला नव्हता. डॉन पेज यांनी १९९३ सालीच सांगितले होते की, नोंद खरोखर शाबूत राहत असेल तर बाहेर आलेल्या उबेतील गोंधळ आधी वाढत जाऊन पुढे उतरणीला लागला पाहिजे. ती उतरण गणितातून निघाली २०१९ साली, आणि तिच्यासाठी आधार घेतला गेला तो बव्हंशी सर्वांत दरिद्री जगाचा: एक मिती अवकाशाची, एक काळाची. तेथे समीकरणाची डावी बाजू शून्य येते, हे वर आलेच आहे. म्हणून जॅकिव आणि टायटलबॉइम यांनी १९८० च्या दशकात गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला आणखी एक क्षेत्र देऊन त्या जगात जीव आणला होता. तेथल्या विवराचे क्षितिज म्हणजे नुसता ठिपका. क्षेत्रफळाचे काम ते जोडीदार क्षेत्र करते. बराच काळ बाजूला पडल्यासारखी राहिलेली ही मांडणी पेनिंग्टन, अल्महेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती अचानक उपयोगी पडली. उबेतील गोंधळ वाढला, आणि योग्य वेळी उतरू लागला.

माझा विद्यार्थी हे सांगताना खुलला होता, पण त्याने मला दोन गोष्टी बजावल्या. पहिली अशी. त्याच वर्षी साद, शेंकर आणि स्टॅनफर्ड यांनी दाखविले की, हे द्विमिती गुरुत्वाकर्षण कोणा एका पुंजव्यवस्थेचे वर्णन करत नाही, तर अशा असंख्य व्यवस्थांची सरासरी सांगते. हे मला चटकन समजले. निकालाच्या दिवशी साहेबांकडे वर्गाची सरासरी जाते आणि ते संतुष्ट होतात. दाराशी उभ्या असलेल्या पालकाला मात्र आपल्या मुलाची गुणपत्रिका हवी असते. नोंद शाबूत राहते हे द्विमिती जगाने सांगितले, पण अमुक एका विवरातून अमुक एक ग्रंथ अक्षरशः कसा वाचावा, हे सांगितलेले नाही.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची. हेच गणित अधिक मितींच्या जगात न्यायचे, तर आजवर ज्या मांडण्यांत ते नीट जमले आहे त्यांत गुरुत्वाकर्षणाचा वाहक कण वजनदार होऊन बसतो. आपल्या जगातला तो, आजवरच्या साऱ्या निरीक्षणांप्रमाणे, वजनरहित आहे. या वजनामुळेच गणित जमते काय, असा आक्षेप कार्श, गेंग आणि इतरांनी २०२० पासून घेतला आहे; काहींना तो मान्य आहे, काहींना नाही. दोन किंवा तीन मितींत हा प्रश्न उठूच शकत नाही, कारण तेथे असा वाहक कण मुळातच नाही. मोकळ्या दहा संख्यांबरोबर तो आपण पहिल्याच पायरीला काढून टाकला होता. माझा विद्यार्थी सध्या याच ठिकाणी अडला आहे, आणि मार्गशीर्षात बहिणीच्या लग्नाला येईन तोवर काही निघाले तर सांगतो, असे म्हणून गेला आहे.